ईएमटी व्हायचंय? फी भरण्याआधी आणि भरल्यानंतर: विदर्भातल्या गावाकडून निघणाऱ्यांसाठी

बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला नाही किंवा तिथली फी झेपली नाही, आणि कुणीतरी सांगितलं, "ईएमटी करून टाक, सहा महिन्यांत १०८ वर लागशील." बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत हे वाक्य कानावर येतं. ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पेशंटला सांभाळणारा; १०८ म्हणजे सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा. सहा महिन्यांत कोर्स होऊ शकतो. १०८ वर लागण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती पैसे भरण्याआधीच समजून घ्यायला हवी. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी काम कुठे मिळतं, मग त्यासाठी कोर्स कोणता.

१. आधी कामाची जागा ठरवा

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती गाडीत डॉक्टर ठेवूनच. पेशंटजवळ बसतो तो बहुधा बीएएमएस किंवा तत्सम पदवीचा डॉक्टर, आणि पुढे चालक, ज्याला सगळे पायलट म्हणतात. ईएमटीच्या प्रमाणपत्रावर त्या डॉक्टरची जागा मिळत नाही. ठेके बदलतात, पदंही बदलतात. तेव्हा चालू जाहिरातीत तुमच्या पदाचं नाव आणि पात्रता स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. १०२ ची गाडी मुख्यतः गरोदर माता आणि बाळांसाठी असते. तिथेही सरसकट ईएमटी असतो असं समजू नका.

मग ईएमटी लागतो कुठे? विदर्भात या जागा धुंडाळण्यासारख्या आहेत:

महामार्ग. टोलनाक्यावर उभ्या अ‍ॅम्ब्युलन्स ठेकेदार कंपन्या चालवतात. नागपूर–हिंगणघाट–पांढरकवडा हा ४४ नंबरचा रस्ता, अमरावती–अकोला–खामगाव हा ५३ नंबरचा, आणि वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाणा जिल्ह्यांतून जाणारा समृद्धी. या कामात अपघातच जास्त, त्यामुळे ट्रॉमाचं (गंभीर जखमा हाताळण्याचं) प्रशिक्षण चांगलं हवं.

कारखाने आणि खाणी. चंद्रपूर–वणी–उमरेडच्या कोळसा खाणी, कोरपना–गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, कोराडी–खापरखेडा–चंद्रपूरची वीजकेंद्रं. कायद्याप्रमाणे पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात अ‍ॅम्ब्युलन्स रूम ठेवावीच लागते. ही भरती बरेचदा कंत्राटदारामार्फत होते आणि पेपरात येत नाही. गेटवर जाऊन विचारावं लागतं.

खासगी रुग्णालयं. नागपुरात रामदासपेठ–धंतोली भागात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टी आणि आयसीयूच्या गाड्यांवर माणसं लागतात. पगार सुरुवातीला कमी, पण हात इथेच तयार होतो.

शेजारची राज्यं. तेलंगणा, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात १०८ वर ईएमटीच असतो. सिरोंचा, राजुरा, देवरी, वरुडकडच्या मुलांना हे नागपूरपेक्षा फार लांब नाही. तिथली पात्रता आधी तपासा. बी.एस्सी. किंवा नर्सिंग झालेल्यांना बरेचदा पसंती मिळते. तेलंगणात तेलुगू बोलता येणं जवळजवळ अट समजा.

यातल्या कुठल्या दोन जागी तुम्ही खरोखर राहू शकाल ते ठरवा. मग तिथल्या एचआरला किंवा सुपरवायझरला एकच प्रश्न विचारा: "तुम्ही कोणत्या कोर्सचं प्रमाणपत्र धरता?" मिळेल ते उत्तर लिहून घ्या. पुढची सगळी निवड त्यावर करायची आहे.

२. कोर्स: नाव एकच, वजन वेगवेगळं

'ईएमटी' या नावाखाली बाजारात तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे कौशल्य विकासाचा अल्पमुदतीचा कोर्स. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या यादीत 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन – बेसिक'चा क्रमांक एचएसएस/क्यू२३०१ आणि अ‍ॅडव्हान्स्डचा एचएसएस/क्यू२३०२ आहे. संस्थेच्या पत्रकावर हा क्रमांक आहे का बघा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून किंवा दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून हा कोर्स चालत असेल तर विद्यार्थ्याकडून फी घ्यायची नसते. योजनेचा बोर्ड लावून "रजिस्ट्रेशनचे" पैसे कुणी मागत असेल तर तिथून उठा.

दुसरी म्हणजे डिप्लोमा किंवा पदवी. यात दोन ते चार वर्षं जातात. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात पॅरामेडिक हा व्यवसाय अनुसूचीत घेतला आहे. त्या कायद्यात 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' होण्यासाठी किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण लागतं. याचा सरळ अर्थ असा की सहा महिन्यांचा कोर्स तुम्हाला कामाला लावू शकतो, पण नोंदणीकृत व्यावसायिक करत नाही. सरकारी रुग्णालयातल्या कायम पदाचं मनात असेल तर पैसे साठवून डिप्लोमा–पदवीकडेच जा. घरात कमावतं कुणी नसेल तर अल्पमुदतीचा करून कामाला लागा आणि डिप्लोमा नंतर करा. दोन्ही वाटा ठीक आहेत. छोटा कोर्स मोठ्याच्या भावात घेणं तेवढं टाळा.

तिसरी गोष्ट: एक-दोन दिवसांची कार्डं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) आणि एसीएलएस (हृदयविकारातलं प्रगत जीवरक्षण) हे त्यातले सर्वांत चालणारे. कार्ड दोन वर्षं चालतं, मग नव्याने करावं लागतं. हे ईएमटीच्या जागी चालत नाही, पण खासगी रुग्णालयं ते विचारतात. कोर्स संपत आला की करा. सुरुवातीलाच केलंत तर नोकरी लागेपर्यंत मुदतीतलं वर्ष निघून जातं.

३. संस्था तपासताना

भिंतीवरच्या फ्रेम बघून काही कळत नाही. "भारत सरकार मान्यताप्राप्त" असं लिहिलेल्या फ्रेमखाली पुष्कळदा ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नोंदणीचा कागद निघतो. संस्था नोंदलेली आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. कोर्सला मान्यता आहे की नाही हे त्यात नसतं. विचारायचं ते असं: प्रमाणपत्रावर सही कुणाची असणार? विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या यादीत नाव शोधा. कौशल्याचा कोर्स असेल तर प्रमाणपत्र देणारी संस्था एनसीव्हीईटीच्या (कौशल्य शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) यादीत हवी, आणि केंद्र स्किल इंडिया डिजिटल हबवर दिसायला हवं. डिप्लोमा असेल तर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे त्या कोर्सची नोंदणी होते का, ते कौन्सिललाच विचारा.

मग वर्गात जाऊन बघा. सीपीआरचे (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याच्या सरावाचे) पुतळे किती आणि ते छातीत दाबले जातात का. प्रदर्शनापुरता ठेवलेला पुतळा लगेच कळतो, त्याच्या छातीवर धूळ असते. मोठ्या माणसाचा एक पुतळा आणि बाळाचा एक, हे कमीत कमी. शिवाय अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी), स्पाइन बोर्ड (पाठीच्या कण्याला आधार देणारी फळी), सर्व्हायकल कॉलर (मानेचा पट्टा), सक्शन मशीन (तोंडातली लाळ-उलटी ओढून काढणारं), ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर रेग्युलेटरसह, ग्लुकोमीटर, एईडीचा (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा) सरावाचा डबा. चाळीस मुलांत एक पुतळा असेल तर तुमच्या वाट्याला दिवसाकाठी पाच मिनिटंही येणार नाहीत.

आणि पोस्टिंगचा, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचा, करार. कोणत्या रुग्णालयाशी, किती तासांचा, कोणत्या विभागात, हे लेखी मागा. हा कागद दाखवायला जी संस्था "नंतर बघू" म्हणते, तिथे प्रवेश घेऊ नका. बाकी सगळं चांगलं असलं तरी नाही.

मूळ गुणपत्रिका आणि टीसी संस्थेकडे ठेवायला देऊ नका. पडताळणीला दाखवा, प्रती द्या, मूळ परत आणा. कोर्स मध्येच सोडावा लागला तर अडवणूक याच कागदांवरून होते. फी हप्त्याने भरा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. "प्लेसमेंट गॅरंटी" लेखी देतात का विचारलंत की त्या शब्दाची खरी किंमत कळेल.

४. कागदपत्रं

दहावी आणि बारावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन क्रीमीलेयर, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं, आठ-दहा फोटो. पुढे नोकरीच्या वेळी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला.

अडतं ते दोन ठिकाणी. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही: वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही, आडनाव आधी-नंतर, 'ळ'चं इंग्रजी स्पेलिंग. प्रवेशाच्या आधी आधार दुरुस्त करून घ्या, कारण कौशल्य कोर्सचं प्रमाणपत्र आधारच्या नावाने निघतं. दुसरी अडचण जात वैधतेची. याला महिनोन्महिने लागू शकतात. बारावीचा निकाल लागायची वाट न पाहता अकरावी-बारावीतच अर्ज टाका. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून भरायची असते, पण तो कोर्स आणि ती संस्था त्या पोर्टलवर असेल तरच.

५. अंग आणि लस

पेशंट आणि स्ट्रेचर मिळून वजन शंभर किलोच्या घरात जातं. दोघांनी उचलायचं म्हणजे एकेकाच्या वाट्याला पन्नास. कमरेतून वाकून उचललंत तर पहिल्या वर्षातच पाठ जाते. गुडघ्यात वाका, वजन अंगाला चिकटवून धरा, आणि उचलताना वळू नका. आधी उभे राहा, मग पाय वळवा. शेतात पोती उचलणाऱ्यांना ताकदीचा प्रश्न नसतो. सवय मोडायचीच पंचाईत जास्त.

हिपॅटायटिस बी ची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन डोसांत असते. म्हणून ती प्रवेशाच्या आठवड्यातच सुरू करा, म्हणजे पोस्टिंगपर्यंत निदान दोन डोस होतील. धनुर्वाताचंही बघा. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच कॅज्युअल्टीत कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. लाजेपोटी लपवणारे बरेच निघतात.

६. हाताला काय बसायला हवं

पुस्तक वाचून पास होता येतं. गाडीत मात्र हातच चालतो. कोर्स संपेपर्यंत पुढचं न विचार करता यायला हवं.

सीपीआर: मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाब आणि २ श्वास. लहान मुलात दोघे असाल तर १५ ला २. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण थकलेला माणूस दाब उथळ करतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. नाडी बघायला दहा सेकंदांच्या वर जायचं नाही.

अंबू बॅग: नवखे सगळे पिशवी पूर्ण पिळतात. मोठ्या माणसालाही एका श्वासाला ५००–६०० मिलिलिटर पुरतं. छाती उचललेली दिसली की थांबा. जास्त हवा पोटात जाते आणि उलटी होऊन ती फुप्फुसात उतरते. मास्क धरायला एक माणूस, पिशवी दाबायला दुसरा, असं जमलं तर सर्वांत उत्तम.

सक्शन: एका वेळी दहा-पंधरा सेकंद, नळी आत जाताना नाही, बाहेर काढताना.

ऑक्सिजनचा हिशोब हा शहरातल्या कोर्समध्ये घाईत उरकतात, आणि आपल्याकडे त्यावरच सगळं अवलंबून असतं. हिशोब सोपा आहे: सिलिंडरची लिटरमधली क्षमता गुणिले काट्यावरचा बारमधला दाब. दहा लिटरचा बी टाइप सिलिंडर १५० बारच्या दाबाला भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. नॉन-रिब्रीदर मास्क (पिशवीचा, जास्त ऑक्सिजन देणारा) मिनिटाला १५ लिटरवर लावला की १०० मिनिटांत संपला. आता सिरोंचाहून गडचिरोली बघा, रस्ता दोनशे किलोमीटरच्या घरात. त्या वेगाने सिलिंडर अर्ध्या वाटेत रिकामा होणार. तोच पेशंट नेझल कॅन्युलावर (नाकातल्या नळीवर) ३ लिटरने एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९४ टक्क्यांवर टिकवत असेल तर तोच सिलिंडर आठ तासांच्या वर जातो. म्हणून मास्क लावला की काम संपलं असं नसतं. एसपीओटू बघत प्रवाह कमी करत आणायचा. जुन्या दम्या-खोकल्याच्या सीओपीडी पेशंटला ८८ ते ९२ पुरतं. निघण्याआधी काटा बघा, दुसरा सिलिंडर भरलेला आहे का बघा, आणि सिलिंडर उघडायचा पाना गाडीत आहे का तेही बघा. भरलेला सिलिंडर आणि पाना नाही, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो.

याशिवाय बीपी कानाने मोजणं (डिजिटल यंत्र हलत्या गाडीत भरवशाचं नसतं), साखर तपासणं, जीसीएस (शुद्धीचे गुण) सांगणं, स्पाइन बोर्डवर लॉग-रोल (मान-पाठ न वळवता कुशीवर करणं), फ्रॅक्चरला आधार, दाब देऊन रक्त थांबवणं, आणि गाडीत बाळंतपण. बाळंतपणाचं पुतळ्यावर शिकून भागत नाही. त्यासाठी पुढचा मुद्दा.

७. पोस्टिंग: खरा कोर्स हाच

पोस्टिंग जमेल तर जुलै ते ऑक्टोबरमध्ये घ्या. याच महिन्यांत साप, फवारणी, वीज आणि पुराच्या केसेस येतात. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ–अकोला–चंद्रपूरची शासकीय महाविद्यालयं अशा ठिकाणी पेशंट भरपूर, पण विद्यार्थीही भरपूर. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात गर्दी कमी असते आणि सिस्टर विश्वास टाकतात, त्यामुळे हात लावायला जास्त मिळतं. दोन्हीकडे काही दिवस मिळाले तर उत्तम.

लेबर रूममधल्या नाइट ड्युट्या टाळू नका. मुलींना तिथे सहज प्रवेश मिळतो, मुलांना अडवतात. तेव्हा संस्थेच्या पत्रात लेबर रूमचा उल्लेख आधीच घालून घ्या. रोजचं लॉगबुक त्याच दिवशी भरून सही घ्या. महिनाअखेर सह्या गोळा करायला गेलात की तो डॉक्टर बदलून गेलेला असतो.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. ईएमटी डॉक्टरांच्या सूचनेखाली काम करतो. गावात परतून स्वतंत्रपणे सलाईन-इंजेक्शन सुरू केलंत तर तो बोगस वैद्यकीय व्यवसायाचा गुन्हा होतो. गावातली माणसं आग्रह करतील, चुलत्याच्या तापाला "एक सुई मार ना" म्हणतील. नाही म्हणायचं.

८. आपल्याकडचे पेशंट

पुस्तकांत हार्ट अटॅक आणि कार अपघात भरपूर असतात. इथे त्यासोबत हेही येतं.

सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. दोरी आवळून बांधलेली असते, चिरा दिलेला असतो, कधी आधी मांत्रिकाकडे नेलेलं असतं. तुमचं काम: अवयव न हलवता फळकुटाचा आधार, अंगठ्या-कडे-जोडवी काढणं, दंशाची वेळ लिहिणं, आणि जिथे प्रतिसर्पविष आहे तिथेच नेणं, त्यासाठी निघतानाच फोन. आवळलेली दोरी गाडीत झटकन सोडू नका. डॉक्टरांशी बोलून, श्वासाची तयारी ठेवून सोडायची. मण्यार रात्री झोपेत चावते, दंशाची खूण दिसत नाही, पेशंट पोटात दुखतं म्हणतो. पापण्या जड व्हायला लागल्या की अंबू बॅग हाताशी घ्या.

फवारणीची विषबाधा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटीत उभं राहून फवारणाऱ्याचे कपडेच विषाने भिजलेले असतात. आधी हातमोजे घाला, कपडे काढा, साबण-पाण्याने धुवा, मग गाडीत घ्या. नाही तर बंद गाडीत तुम्हालाही चक्कर येते. बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, छातीत घरघर ही लक्षणं ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाची. सक्शन चालू ठेवा आणि डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्या. उलटी करवू नका.

उष्माघात. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, तर आधी थंड करा, मग हलवा: पाणी शिंपडून वारा, काखेत-जांघेत बर्फ. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) पेशंट वेदनेने ओरडत असतो आणि नवख्याला ते नाटक वाटतं. गडचिरोली–चंद्रपूरकडे सिकलसेलचं कार्ड पेशंटजवळ आहे का ते आधी विचारा.

भाषाही शिकायची गोष्ट आहे. भामरागडकडे माडिया, मेळघाटात कोरकू. दुखतं कुठे, केव्हापासून, चावलं का, पाळी चुकली का, एवढे प्रश्न त्या भाषेत आशाताईंकडून शिकून घ्या.

९. परीक्षा

लेखी सोपी असते. प्रॅक्टिकलला मार्क जातात ते न बोलल्याने. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही. "जागा सुरक्षित आहे, हातमोजे घातले, मदत मागवली" हे मोठ्याने म्हणायचं, मग पेशंटला हात लावायचा. दुसरी हमखास चूक: उघड्या हाडाकडे बघून तिथेच धावणं. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम आधी. फक्त फवारा मारून रक्त वाहत असेल तर ते सर्वांत आधी थांबवायचं. जैविक कचऱ्याचे रंगही विचारतात: पिवळ्यात रक्ताचे ड्रेसिंग, लालमध्ये नळ्या-हातमोजे, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच.

१०. पहिली नोकरी धरताना

नेमणूकपत्र घ्या, त्यात पदाचं नाव 'ईएमटी' असायला हवं. 'हेल्पर' लिहिलं असेल तर पुढे अनुभव धरत नाहीत. पीएफ कापतात तर यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात मागा आणि मोबाइलवर जमा तपासत राहा. शिफ्ट बहुतेक बारा तासांची असते. आठवड्याची सुट्टी आणि राहायची सोय तोंडी ठरवू नका.

गाडी कोणती आहे तेही बघा. राष्ट्रीय मानकात सी प्रकार म्हणजे बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाची गाडी) आणि डी म्हणजे एएलएस (प्रगत जीवरक्षणाची). बी प्रकार नुसता पेशंट नेण्यासाठी असतो. बी गाडीवर एकट्या ईएमटीला व्हेंटिलेटरचा पेशंट देऊन नागपूरला पाठवत असतील, तर निघण्याआधी रेफर करणाऱ्या डॉक्टरांकडून सोबत डॉक्टर मागा, आणि मागितल्याची वेळ पेशंट रेकॉर्डवर लिहा. प्रत्येक फेरीत निघाल्याची, पोचल्याची आणि सोपवल्याची वेळ, तीन वेळचे बीपी-एसपीओटू, आणि पेशंट घेणाऱ्याची सही. दोन वर्षांनी कोर्टातून समन्स आला तर आठवणीपेक्षा हा कागदच कामी येतो, म्हणून त्याची एक प्रत किंवा रुग्णालयातला नोंद क्रमांक स्वतःच्या डायरीत ठेवा.